गडग्यातली बिऱ्हाडं

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा उंदीरसुद्धा शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय शिंकत नसत. माळाकडेच्या एका दगडी गडग्यात उंदरांची सहा बिऱ्हाडं होती आणि कोपऱ्यातल्या बिळात एक म्हातारी चिचुंद्री राहत होती. एका सकाळी जमीन गदागदा हलली आणि गडग्याचे दोन दगड घरंगळले.

"पोरांना घेऊन निघू या," घारू उंदीर बायकोला म्हणाला.

"शेजारी निघाले का ते आधी बघा. मागच्या खेपेला आपणच पळालो, तर पावसाळाभर सगळे हसत होते."

घारूने बिळातून डोकं बाहेर काढलं. सहाही बिळांतून डोकी बाहेर आली होती आणि एकमेकांकडे बघत होती. पाऊल मात्र कुणाचंच पडेना.

तेवढ्यात चिचुंद्री तुरुतुरु माळावर गेली. ते पाहताच सहाही बिऱ्हाडं पोराबाळांसकट तिच्यामागे धावत सुटली. पाठीमागे गडगा धाडकन कोसळला.

घारूने तिचे पाय धरले. "मावशी, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय, बाबा," चिचुंद्री धापा टाकत म्हणाली. "बिळातून नीट दिसेना, म्हणून तुम्ही निघालात का ते समोरून बघायला आले होते."