गोळीच्या छिद्रातली काडी

आयर्लंडातल्या एका जिल्ह्याच्या गावी एकदा एक वृद्ध वकील राहत असे. त्या देशावर तेव्हा, आपल्यासारखंच, इंग्रजांचं राज्य होतं. ऐन उमेदीत हा वकील लंडनच्या पार्लमेंटात निवडून गेला होता आणि आमचं राज्य आमच्या हाती द्या, असं तिथे वर्षानुवर्षं उभं राहून मागत होता. पुढे पक्षात फूट पडली. ज्या गावाने खांद्यावर मिरवलं त्याच गावाने निवडणुकीत पाडलं, आणि तो मुकाट्याने पुन्हा कोर्टाची पायरी चढू लागला. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं.

त्याच्या हाताखाली एक तरुण शिकत होता. या तरुणाचा थोरला भाऊ फिंटन. जमीनदाराची माणसं एका विधवेला घराबाहेर काढत असताना फिंटन दारात आडवा झाला. “याने दगड मारला, मी डोळ्यांनी पाहिलं,” अशी साक्ष एका हवालदाराने शपथेवर दिली. तो हवालदार त्या वेळी टेकडीपलीकडे होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. वृद्ध वकिलाने जिवाचं रान केलं, तरी शिक्षा झाली, आणि फिंटन तुरुंगातच खोकून खोकून गेला. धाकटा अजूनही दोघांच्या पलंगावर भिंतीच्या कडेलाच झोपे. बाहेरची बाजू भावाची. वकिली शिकायची ती त्या हवालदाराला बघून घेण्यासाठी, एवढंच त्याच्या मनात होतं.

वेळ आपोआप चालून आली. बाजाराच्या दिवशी सभेवर पोलिसांकडून गोळी सुटली, एक गवंडी मेला, आणि त्याच हवालदारावर खुनाचा खटला उभा राहिला. सरकारला दोष टाकायला कोणीतरी एक हवा होता. गावाला तर तोच हवा होता. त्या कोर्टाची रीत अशी, की सगळे वकील एका मोठ्या दालनात बसून असत. दाराशी शिपाई नाव पुकारी, आणि ज्याचं नाव पुकारलं, त्याने पक्षकार कोण हे पाहून नाही म्हणायचं नसे. त्या सकाळी दालन भराभर रिकामं झालं. एकाची दाढ दुखू लागली, दुसऱ्याची मावशी वारली.

“ही मावशी मागच्या वर्षीही वारली होती,” वृद्ध म्हणाला, आणि बसून राहिला. पुकारा त्याच्याच नावाचा झाला.

“साहेब, तुम्ही? त्या माणसासाठी?” तरुण उसळून म्हणाला. “परवाच लोक आले होते, पुन्हा निवडणुकीला उभे राहा म्हणून!”

“आता येणार नाहीत. तू एक कर. बाजारात जा आणि गवंड्याच्या आरपार जाऊन गोळी जिथे घुसली ती जागा नीट पाहून ये.”

तरुण धुसफुसत गेला. तबेल्याच्या लाकडी दारात गोळीचं छिद्र होतं. त्याने सहज गवताची एक काडी आत खोचली. काडी तिरकी उभी राहिली. तिचं टोक थेट पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर, बड्या अंमलदाराच्या खिडकीकडे वळलेलं होतं. गोळी सुटली तेव्हा हवालदार तर खाली रस्त्यावर उभा होता.  तरुणाने काडी उपसली आणि फेकून दिली.

“काय दिसलं?” वृद्धाने विचारलं.

“काही नाही.”

वृद्धाने शेगडीतले निखारे हलवले. मग म्हणाला, “रविवारी चर्चमधून येताना मीही एक काडी घालून पाहिली.”

“मग मला कशाला पाठवलंत?”

“आपल्याच खटल्यात वकिलाला साक्ष देता येत नाही. साक्षीला दुसरा माणूस लागतो.”

“अख्ख्या गावात दुसरा मिळाला नाही? भाऊ माझा मेलाय, साहेब! तुमचा नाही!”

“माझा नाही, खरं आहे.” वृद्धाचा आवाज चढला नाही. “पण पोरा, त्या हवालदाराने न पाहिलेलं पाहिलं म्हटलं. तू पाहिलेलं पाहिलं नाही म्हणालास. दोघांत अंतर किती, ते तूच ठरव. लंडनला एका सभासदाने मला विचारलं होतं, उद्या तुमचं राज्य आलं तर तुमच्या कोर्टात तुमच्या वैऱ्याचं काय होईल? मी म्हणालो, आम्हाला जे कधी मिळालं नाही ते त्याला मिळेल. सगळं सभागृह हसलं. राज्य काही मला आणता आलं नाही. तेवढा शब्द राहिलाय, आणि तो एकट्याने पाळता येत नाही. सक्ती नाही. उद्या साक्षीला तुझं नाव पुकारतील.”

दुसऱ्या दिवशी नाव पुकारलं गेलं. तरुण क्षणभर बसून राहिला, मग उठला. ज्या शेजाऱ्यांनी फिंटनची शवपेटी खांद्यावर नेली होती, त्यांनी वाट देताना गुडघे आत ओढून घेतले. “विकला गेला,” कोणीतरी पुटपुटलं. पिंजऱ्यात उभं राहून त्याने काडी सांगितली, खिडकी सांगितली. आवाज दोनदा फाटला. मागच्या बाकावरून त्याची आई उठली, शाल डोक्यावर ओढून बाहेर निघून गेली.

हवालदार सुटला. कोणाकडे न पाहता, आभाराचा एक शब्दही न बोलता तो चालता झाला. कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघेच उरले.

“आई आज माझ्याशी बोलणार नाही,” तरुण म्हणाला.

“नाही बोलणार,” वृद्ध म्हणाला.

हसणाऱ्या त्या सभागृहापुढे हा माणूस इतकी वर्षं एकटा कसा उभा राहिला असेल, हे तरुणाला फार दिवसांपासून विचारायचं होतं. आता ते विचारण्याची गरज उरली नव्हती.