परत घेतलेला नवस

“पण माई, एकदा बोललेला नवस परत कसा घेता येतो?”

“मी घेतला. देवीनं घेऊ दिला.”

“आणि मागितलं काय होतंत?”

सत्यभामामाईंनी ट्रकभोवती एक फेरी मारली, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला.

“बसा मास्तर. आजची शेवटची खेप आहे.”

यदुनाथ कारखानीस बसले. बावीस वर्षं साताऱ्याच्या कॉलेजात त्यांनी कॅनडा शिकवला होता, एकदाही कॅनडा न पाहता. आणि आज समोर चाळीस किलोमीटरचं गोठलेलं तळं, त्या तळ्यावरून चक्क ट्रकचा रस्ता. उन्हाळ्यात जिथं बोटी चालतात, तिथं आता चाकं चालणार!

माई मूळच्या माहूरच्या. लग्न होऊन इकडे आल्या, आणि नवरा गेल्यावर त्याचाच ट्रक या उत्तर टोकाला चालवू लागल्या. हा उत्तरेचा मुलूख समजून घ्यायचा तर माईंच्या शेजारी बसा, असं यदुनाथांना जो तो सांगत होता. म्हणून ते शिष्य व्हायला आले होते. अर्थात, थोडं शिकवायचंही मनात होतंच.

ट्रकमध्ये दवाखान्याची भट्टी होती, इमारत उबदार ठेवणारी. पलीकडच्या वस्तीची जुनी भट्टी बिघडली होती. तीन आठवडे बाळंतिणीसुद्धा कोट घालून डॉक्टरांपुढे बसत होत्या. संध्याकाळी बर्फाचा रस्ता बंद होणार होता. भट्टी आज पोचली नाही, तर तळं वितळून बोट सुरू होईपर्यंत नाही.

ट्रक बर्फावर उतरला.

“जगातला दुसऱ्या नंबरचा मोठा देश, माई! आणि माणसं? बहुतेक सगळी दक्षिणेच्या सीमेला चिकटून. गहू मधल्या मैदानात, लाकूड पश्चिमेला, खाणी इकडे उत्तरेत…”

“आणि आपण कुठं आहोत?”

“आपण? …तळ्यावर.”

“मग तळ्याचं ऐकू या थोडं.”

यदुनाथ हसले. पुन्हा बोलायला तोंड उघडलं, आणि…

कडाड!

खालून, अगदी पायाखालून.

“माई! तडा गेला!”

“गेला.”

“अहो, मग पळवा ना गाडी! वीसवर काय चालवताय? बैलगाडी आहे का ही?”

“पळवली की बर्फाखालच्या पाण्याला लाट येते. ती पुढं जाऊन बर्फ फोडते.”

कडाड… कडकड… कडाड!

यदुनाथांनी डोळे मिटले. कॅनडाचा सगळा नकाशा डोक्यातून पुसला गेला. उरली ती औंधची यमाई. आई, हा आवाज तेवढा बंद कर. परत आलो की पायऱ्या अनवाणी चढेन, अकरा नारळ वाढवीन…

आणि आवाज बंद झाला.

एकदम. पार.

“माई!” ते जागच्या जागी उसळले. “ऐकलं हो देवीनं! बघा, कसं शांत झालं!”

माईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी वेग आणखी कमी केला. आपला पट्टा सोडला. आपल्या बाजूचं दार उघडलं. बोचरा वारा आत घुसला.

“पट्टा सोडा, मास्तर. दार उघडा. सांगितलं की उडी मारायची.”

“पण आता तर सगळं शांत…”

“म्हणूनच. जाड बर्फ ओझ्याखाली बोलतो. मऊ पडलेला गप्प राहतो.”

यदुनाथांनी पट्टा सोडला, दार ढकललं.

“काय मागितलंत मघाशी?” माईंची नजर समोरच होती.

“…आवाज बंद व्हावा म्हणून.”

“मीही तेच मागितलं होतं. पहिल्या हिवाळ्यात, ह्यांच्या शेजारी बसून.”

चाकं सरकत होती. खाली काहीच नव्हतं, नुसती शांतता.

“परत घ्या.”

“आई यमाई,” यदुनाथ ओरडले, वर्गात कधी ओरडले नसतील असे, “चुकलं माझं! परत घेतो! बोलू दे त्याला! हवं तेवढं बोलू दे!”

…

…

कडाड!

“बोलला!” त्यांनी माईंच्या खांद्यावर थापच मारली. “माई, बोलला! अहो, बोलला!”

“कळलं. पाडाल मला.”

पण माईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या हसत होत्या. कडाड झालं की यदुनाथ हसायचे. पुढचा आवाज यायच्या आधीच कान टवकारायचे. लहान मूल फटाक्याची वाट पाहतं तसे.

काठावर अख्खी वस्ती जमली होती. भट्टी उतरवायला एवढे हात लागले की माईंना कुणी जवळ येऊच देईना. दवाखान्याची नर्स तर भट्टीलाच मिठी मारून उभी राहिली.

यदुनाथांनी वळून पाहिलं. माई काठाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. बर्फावर खण पसरला होता. त्यावर नारळ, हळदकुंकू, तांदूळ.

तळ्याची ओटी भरत होत्या.

“माई, नवस तर परत घेतला होतात ना? मग ही ओटी कशाची?”

“परत घेऊ दिला, त्याची.”

यदुनाथ जवळ आले. बर्फ लांबवर हळूच कडकडला.

“मग मलाही भरायला हवी. पण मी… पुरुष माणूस. मी कशी ओटी भरू?”

माईंनी तांदळाची मूठ त्यांच्यापुढे धरली.

“तळं कुठं विचारतंय? भरा.”