मऊ बिस्कीट

भांडी आपापसांत गप्पा मारायची, तेव्हाची ही गोष्ट. शाल्मलीने लोणी-साखर फेसून, मैदा आणि दुधात विरघळवलेली कॉफी घालून बिस्किटं वळली आणि कढईतल्या तापल्या मिठावर त्यांची ताटली ठेवून झाकण घातलं. आत काळोख, ऊब आणि धुक्यासारखा तरंगणारा कॉफीचा वास. सगळ्यात छोट्या बिस्किटाला डुलकी लागली.

झाकण उघडलं तसं ते दचकलं. अंग चाचपून बघितलं, तर मऊच.

"कढईमावशी, मी कच्चं राहिलंय गं. उचलताना माझे तुकडे होतील. अजून थोडं ठेव ना."

"वेडं कुठलं," कढई म्हणाली. "माझं काम झालं. उरलेलं वारा करतो."

"वारा काय डोंबल भाजणार?" शेजारचं बिस्कीट म्हणालं. "मी बुवा कडक होऊनच निघणार." आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून ते खाली मिठात उतरलं.

छोट्यालाही उतरावंसं वाटलं. पण मावशी कधी खोटं बोलली नव्हती. डोळे घट्ट मिटून ते ताटलीतच थांबलं. शाल्मलीने सगळ्यांना अलगद खिडकीपाशी जाळीवर मांडलं. वारा येत-जात राहिला, आणि छोटं बिस्कीट कुठल्याशा ढगावर पडल्यासारखं नुसतं पडून राहिलं.

दुसऱ्या घाण्याच्या वेळी करपल्याचा वास सुटला. शाल्मलीने झाकण काढलं, तर मिठात एक काळा कोळसा. ती दचकून मागे सरली, जाळीला कोपर लागलं आणि छोटं बिस्कीट ओट्यावर पडलं.

टक्क असा आवाज झाला. आपलाच आवाज ऐकत ते अख्खंच्या अख्खं तिथे पडून राहिलं.