अकरा हजारांतला एक आवाज

"मग यात माझा आवाज कुठला?" गाणं संपल्यावर अनंतबुवांनी विचारलं.

नीलकंठ दचकला. बुवाही आवाज पाठवतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

नीलकंठ परब आता मोठा गायक. त्याच्या कार्यक्रमाला उभं राहायला जागा मिळत नाही, इतका मोठा. त्याने चाहत्यांना सांगितलं होतं, ध्रुवपद मोबाइलवर गाऊन पाठवा, आपण सगळे मिळून एक गाणं करू. अकरा हजार जणांनी पाठवलं. ते गाणं उद्या लोकांसमोर यायचं होतं. त्याआधी गुरूचा आशीर्वाद हवा, म्हणून स्वारी गावच्या मठात येऊन बसली होती. सहा वर्षांनी आली होती, हेही सांगायला हवं.

मधल्या काळात बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून गुरुवारच्या भजनात ते नुसते टाळ वाजवत. तरी शिष्याने बोलावलं म्हणून त्यांनी दार लावून तीनदा म्हणून पाहिलं, आणि त्यातलं बरं ते पाठवलं.

"बुवा, तुमचं... मी ऐकलंच नाही."

"मग कोणाचं ऐकलंस?"

 नीलकंठने खरं काय ते सांगितलं. निवड मशीनने केली होती. बेसूर आवाज सुरात आणले, तालात बसले नाहीत ते काढून टाकले. आभाराचा मेसेज मात्र सगळ्यांना गेला. बुवांनाही आला होता. तो त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवला होता.

"आत्ता म्हणा, बुवा. तुमचा आवाज सगळ्यांत पुढे ठेवतो. नावासकट."

"तसं नको. दोघं म्हणू. गुरुवारी म्हणायचो तसं."

गुरुवारची रीत साधी होती. बुवांनी अर्धी ओळ म्हणायची, उरलेली बसलेल्यांनी उचलायची. भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यांचा शेवटचा शब्द येईपर्यंत बुवा पुढची ओळ घेत नसत. मृदंगवाला वैतागायचा, पण बुवा ढिम्म.

आज त्यांनी टाळ हातात घेतले आणि नीलकंठला पुढे केलं.

नीलकंठने अर्धी ओळ घेतली. गळा अजून तसाच गोड होता. उरलेली बुवांनी उचलली. आवाज फाटला, अडखळला, शेवटच्या शब्दापर्यंत जाताना त्यांना दम लागला...

तोवर नीलकंठ पुढच्या ओळीत शिरला होता.

त्याचं त्यालाच कळलं. तो मध्येच थांबला.

बुवांनी टाळ खाली ठेवले. 

नीलकंठने त्यांचे पाय धरले. चुकलो म्हणाला, उद्याचं गाणं रद्द करतो म्हणाला. त्याला रडू आवरेना.

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते.

"तू कुठे चुकलास, बाळा? सूर मी शिकवला, ताल मी शिकवला... थांबायला शिकवायचं माझ्याकडूनच राहून गेलं."