तळ्यातून पळणारं घड्याळ

घड्याळं आकाशातल्या उपग्रहांना जागा विचारायला नुकतीच शिकली होती, तेव्हाची ही गोष्ट. मंदाकिनीताई रोज सकाळी तळ्याकाठी पळायच्या. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला मात्र कुणाला विचारण्यात कमीपणा वाटे. इमारतीच्या जिन्यातच ते ओरडे, "सापडली जागा! पळा!"

"अरे, मोकळ्यावर मिनिटभर थांब. उपग्रहांची उत्तरं तरी येऊ देत," ताईंच्या पायातला जुना बूट म्हणे.

"चिखल तुडवणाऱ्यानं मला आकाश शिकवू नये!"

एकदा ताईंनी मैत्रिणींना घड्याळानं आखलेला आपल्या पळण्याचा नकाशा दाखवला, तर रेघ थेट तळ्यातून गेलेली. मैत्रिणी हसून हसून बेजार झाल्या. ताईंनी घड्याळाला बजावलं, "पुन्हा असं झालं, तर तुझी रवानगी खणात!"

दुसऱ्या दिवशीही घड्याळ जिन्यातूनच सुटलं आणि रेघ पुन्हा तळ्यातून गेली. तरी ते तोऱ्यात म्हणालं, "ताई तळ्यातूनच पळाल्या. माझ्याकडे नकाशा आहे!"

"असं? मग मी कोरडा कसा?" बुटानं विचारलं.

ताईंनी खण उघडला. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळ काकुळतीला येऊन म्हणालं, "ताई, मिनिटभर थांबा ना!"