चार दिवस लांबचं अंगण

तिवरबेटाची माणसं खटला हरली, आणि हरल्याचा त्यांना पत्ताही नव्हता!

बेट राजधानीपासून समुद्रातून चार दिवसांच्या वाटेवर. तिथं गोड्या पाण्याचा झरा एकच. तो आपल्या आज्यानं बांधून काढला, सबब तो आपला, असा दावा राजधानीतल्या पोमण शेटनं राजा वज्रधराच्या सदरेत ठोकला. सदरेचा कायदा नाकासमोर चालणारा. खटल्याच्या दिवशी चोपदारानं दारात उभं राहून तीन पुकारे करायचे. ओ आली नाही, की तो पक्ष हरला. पुकारे झाले. ओ द्यायला बेटाचं कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी, बेटाच्या वतीनं निघालेली धर्मी कोळीण धक्क्याला लागली. मधेच वारा पडला, म्हणून एक दिवस उशीर. तिथंच तिला निकाल कळला. झरा गेला तर पोराबाळांनी प्यायचं काय, खारं पाणी? ती तशीच ओल्या लुगड्यानं सदरेत शिरली.

राजा मनाचा वाईट नव्हता, पण एकदा बोलला की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी मागे हटायचा नाही. कायदा सगळ्यांना सारखा, तो म्हणाला. वर मिशीला पीळ देत त्यानं अट घातली, "काल तुझी माणसं इथं हजर होती असं सिद्ध कर. खटला पुन्हा चालवतो!"

सगळी सदर हसली. पोमण शेट तर पोट धरधरून. धर्मीला रडू फुटत होतं, ते तिनं गिळलं. तिनं एवढंच विचारलं, की इतक्या लांबच्या बेटाचा न्याय या सदरेनं कुठल्या हक्कानं करायचा?

राजाला ते झोंबलं. "लांब? आमच्या राज्यात लांब काही नाही. तिवरबेट म्हणजे या सदरेचं अंगण!"

"ह्ये लिवून घ्या," धर्मी कारकुनाला म्हणाली. त्यानं लिहिल्यावर ती राजाकडे वळली. "मंग म्हाराज, काल आमची समदी मानसं हजर व्हती. तुमच्याच अंगनात. येक बी हाललं नाय."

शेटचं हसू मावळलं. हजर होते तर ओ का दिली नाही, असं तो फणकारला.

"अंगनातली ओ सदरंत ऐकू येत नसंल," धर्मी म्हणाली, "तर घरधन्यानं उंबरा वलांडून भायेर यावं."

 मग राजाच असा हसला, की त्याचा मंदिल डोळ्यांवर आला. हसता हसताच त्यानं हुकूम सोडला: दर साल एकदा सदर बेटावर भरेल आणि पहिला खटला याच झऱ्याचा. शेटनंही यावं, आज्यानं बांधलेला दगड न् दगड दाखवावा. शेटनं तर उभ्या जन्मात बेट पाहिलं नव्हतं! दाव्यात चुकून भलत्याच बेटाचं नाव पडलं, असं पुटपुटत त्यानं दावा मागे घेतला.

राजानं झरा बेटाच्या नावे करून दिला. सदर बेटावर नेणाऱ्या नावेवर तांडेल, म्हणजे नावेची मुख्य, म्हणून धर्मीलाच नेमलं. नावेत राजानं कुठं बसायचं, तेही आता तीच सांगणार होती.