सगुणाचा डबा

“आता सोडायचं राहिलंय तरी काय, बाबा?”

विश्वंभरने हे विचारलं खरं, पण छाती पुढे काढून. कापडाचं दुकान सोडलं होतं, घड्याळ सोडलं, गेल्या उन्हाळ्यात चपलाही. आज खुंटीवरची भिक्षेची झोळी तेवढी मिळाली, की झाला तो पुरता गोसावी.

मठाच्या पायरीवरचा पत्र्याचा डबा उचलून दगडूबाबांनी कानाशी हलवला.

डबा टेकडीखालच्या सगुणाचा. नवी सून. तिच्या लग्नात तो तुपाने भरून आला. पंगतीत तूप संपलं, डब्याला कडी बसली. मग त्यात डाळ आली, डाळीत किडे आले, डाळ गेली, डबा राहिला. आता रोज दुपारी ती त्यातून मठात पिठलं-भाकरी आणून ठेवायची.

“हा परत कोण नेतं?”

“मीच. तिन्हीसांजेला तिच्या ओट्यावर ठेवून येतो. राखेने घासून. तोंड दिसतं बघा त्यात!”

“कोणाचं?”

“…माझंच.”

“आणि आत काय घालतोस?”

“आत?”

“अरे, कोणाचा डबा रिकामा परत करतात का? तुझ्या आईने कधी केला?”

विश्वंभरचे कान तापले. आई चिमूटभर साखर तरी घालायचीच.

“पण माझ्याकडे काहीच नाही, बाबा. तेच तर सांगतोय!”

“मग माग.”

“मी? मी आजवर कधी… कोणाकडे मागू?”

“सगुणाकडेच.”

डबा घेऊन टेकडी उतरेपर्यंत त्याची मान ताठ होती. तिच्या दारात मात्र तो उंबऱ्याबाहेरच घुटमळला.

“काय झालं, महाराज? पिठलं खारट झालं का?”

“साखर… चिमूटभर साखर हवी होती.”

तिने मूठभर आणून डब्यात टाकली. त्याने झाकण लावलं आणि तोच डबा तिच्यापुढे धरला.

“घ्या ताई, तुमचा डबा.”

सगुणाने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

“म्हणजे, माझीच साखर मला?”

आणि तोंडाला पदर लावून ती अशी हसत सुटली, की आतून सासूने विचारलं, “कोण आलंय गं?”

“मठातले शेठजी, आत्याबाई!”

रिकाम्या हाताने तो वर आला.

“रागावली?” बाबांनी विचारलं.

“हसली.”

“आणि तू?”

“…मीही. येताना, टेकडीवर. एकटाच.”

बाबांनी खुंटीवरची झोळी काढली, झटकली, त्याच्या खांद्यावर घातली.

“हं. आता विचार मघाचं, सोडायचं काय राहिलंय ते.”